बिनसीटची सायकल

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाने गुडघ्यांचा एक्स-रे काढून घ्यावा, असा आमच्या घराण्यातला संकेत आहे; मी त्याऐवजी ट्रायल्स सायकल जुळवायला घेतली. ट्रायल्स म्हणजे जमिनीला पाय न टेकवता दगड, ओंडके आणि कठडे यांवरून सायकलीसकट उड्या मारत जाण्याचा खेळ. कॅटलोनियातले मोटरसायकलपटू पेरे पी यांनी आपल्या मुलाला, ओटला, मोटरसायकलीची ती कसरत सायकलीवर करायला लावली आणि तो मुलगा पुढे अनेकदा जगज्जेता झाला. स्पेनमध्ये या प्रकाराला ‘मोटरविना ट्रायल’ अशा अर्थाचे ‘ट्रायलसिन’ हे नाव पडले. माझे वडील बँकेत होते.

फ्रेम घ्यायची म्हणजे रंग पसंत करायचा आणि पैसे भरायचे, अशी माझी भाबडी समजूत होती. पहिलाच प्रश्न चाकांचा निघाला. स्पर्धांत 20 इंची आणि 26 इंची असे दोन गट असतात. 20 इंची सायकल चपळ आणि उचलायला सोपी. परंतु तेवढ्याच चाकांची सायकल भाच्याला लहान होते म्हणून आम्ही गेल्याच वर्षी भंगारवाल्याला दिली होती, आणि ही गोष्ट घरात कोणीही विसरलेले नव्हते. म्हणून 26. तेथून मी मापांच्या अरण्यात शिरलो. साध्या सायकलीत पायडलचा आस दोन्ही चाकांच्या आसांना जोडणाऱ्या रेषेच्या खाली असतो. ट्रायल्सच्या सायकलीत तो त्या रेषेच्या वर चढवलेला असतो, कारण येथे सगळा कारभार उभ्यानेच करायचा असतो. आस जितका वर, तितके मागच्या चाकावर येणे सोपे आणि तितकाच तोल नाजूक. मला आवडलेल्या दोन फ्रेमींत या उंचीचा फरक 10 मिलिमीटरांचा होता. त्या 10 मिलिमीटरांवर मी तीन आठवडे घालवले, पुठ्ठ्याचे तुकडे चपलांखाली घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि फरक स्पष्ट जाणवत असल्याचे जाहीर केले. “तुझी डावी चप्पल तेवढी झिजलेलीच आहे,” असे बायकोने पोळी उलटता उलटता सांगितले.

पेठेतल्या सायकलवाल्या काकांचा सल्ला घ्यावा म्हणून गेलो, तर त्यांनी विचारले, “फ्रेम बावीसची की चोवीसची?” मी म्हणालो, की दोन चाकांच्या आसांमधले अंतर सुमारे 1080 मिलिमीटर हवे आणि सीट नको. काकांनी हातातला पाना खाली ठेवला, थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मग स्वस्तात होईल तुमचं.” हे पुढे साफ खोटे ठरले.

खरी कोंडी ब्रेकने केली. रिमला दोन्ही बाजूंनी आवळणारा हायड्रॉलिक, म्हणजे नळीतल्या तेलाच्या दाबावर चालणारा, ब्रेक हवा असेल, तर फ्रेमच्या मागच्या नळ्यांवर त्याचे चार बोल्ट बसतील अशी जागा आधीपासून लागते. डिस्क ब्रेक हवा असेल, तर हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याशी, तो बसवायचा कान लागतो. म्हणजे ब्रेक ठरल्याशिवाय फ्रेम ठरत नाही आणि फ्रेम ठरल्याशिवाय ब्रेक. आधी लगीन कोंढाण्याचं हे ठीक, पण येथे कोंढाणाही रायबाच्या मुहूर्तावर अडून बसला होता. शेवटी मी मागच्या चाकापासून विचार सुरू केला. मागच्या चाकावर उभे राहून उड्या मारताना ते चाक आवळले म्हणजे खिळल्यासारखे राहिले पाहिजे. बोटभर जरी सरकले, तरी माणूस पाठीवर येतो. डिस्क चाकाला मध्यभागी धरते, तिचा जोर तारांतून रिमपर्यंत पोहोचतो आणि त्या वाटेत किंचित लवचीकपणा येतो. रिमचा ब्रेक चाकाला थेट काठावर पकडतो. म्हणून मागे रिमब्रेक, पुढे डिस्क. माझा हा निर्णय मला अजूनही पटतो, आणि या संपूर्ण प्रकरणात असे मला फार थोड्या गोष्टींबद्दल म्हणता येईल.

मात्र गुळगुळीत रिमवर हा ब्रेक हवा तसा पकडत नाही, म्हणून रिमच्या दोन्ही कडा ग्राइंडरने खरबरीत कराव्या लागतात. नव्याकोऱ्या, कस्टम ड्युटीसकट पैसे मोजून घेतलेल्या रिमवर ग्राइंडर चालवणे बायकोला वेडेपणाचे वाटले, पण सासूबाईंना ते तत्काळ समजले. “पाट्याला टाकी लावतात तसंच ना?” त्या म्हणाल्या, आणि पार्किंगमध्ये खुर्ची टाकून तिरप्या रेघा सारख्या पडत आहेत की नाही हे पाहत बसल्या. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला लागणारी इंजेक्शनची सिरिंज आणायला मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने “पेशंट कोण?” असे विचारल्यावर मी खरे उत्तर दिले, आणि तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपूनच बोलतो. या ब्रेकला मिनरल ऑइलच चालते; गाडीचे ब्रेक ऑइल घातले तर आतली रबरे फुगतात, हे मी गॅरेजवाल्याच्या प्रेमळ हातातून बाटली काढून घेत त्याला समजावले.

टाकी लावलेली रिम आवळली, की डुकराला पकडल्यासारखी किंकाळी येते. सकाळी सहाला ती पहिल्यांदा उठली तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका सदरा घालत बाहेर आले, सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, “काय हो, सीट चोरीला गेली का?” मी ट्रायल्सचा सगळा इतिहास सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि त्यानंतर रोज, भेटतील तेव्हा, “सीटचा काही तपास?” असे विचारत राहिले.

खंडेनवमीला मी सायकल धुऊनपुसून पार्किंगमध्ये झेंडूची माळ घालून उभी केली. काका वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. त्यांच्या जुन्या सायकलीची स्प्रिंगवाली चामडी सीट होती, तेलपाणी करून चकचकीत केलेली. “पडूनच होती घरात,” ते म्हणाले. माझ्या फ्रेमला सीटचा खांब बसवायची नळीच नाही, हे मी त्यांना बोटाने दाखवले. त्यांनी वाकून, चष्मा वर करून ती जागा नीट पाहिली, आणि काही बोलले नाहीत. त्या दिवशीच्या फोटोत माझी आठ महिन्यांची कमाई हळदकुंकू लावून उभी आहे, आणि तिच्या शेजारी एका पाटावर ती सीट, वेगळी माळ घालून.