"आई-वडिलांचं लक्ष असतं तर पोरगं नादी लागलंच नसतं"

टोळीत ओढलेल्या किंवा लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या मुलांची बातमी आली की हे वाक्य फिरू लागतं. पाठोपाठ "तो गेलाच कशाला?", "त्याला लांब कुठेतरी पाठवा" आणि "बाकीचं पोलिस बघतील" हेही येतं. यातलं एकही मला पटत नाही.

आधी लक्षाचं बघू. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमबद्दल प्रा. अलेक्सिस जे यांचा अहवाल २०१४ साली आला. १९९७ ते २०१३ या काळात तिथे सुमारे १४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, आणि हा आकडाही हात राखून काढलेला आहे. त्यात दोन प्रकरणं अशी आहेत की बाप मुलीचा माग काढत त्या घरापर्यंत पोचले, तिला बाहेर काढायला गेले, आणि पोलिस आल्यावर अटक बापांनाच झाली. आणखी किती लक्ष ठेवायचं होतं त्यांनी?

मुळात यंत्रणेची नजरच घराकडे होती. तिथल्या १९८९च्या बालक कायद्यानुसार न्यायालयाने मूल स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात द्यायचं, तर इजेचं कारण आई-वडिलांच्या संगोपनात सापडावं लागतं, नाहीतर मूल त्यांच्या ताब्याबाहेर गेलेलं असावं लागतं. इजा करणारा जिन्यात उभा, आणि चौकशी स्वयंपाकघरात! ब्रिटिश संशोधक कार्लीन फर्मिन यांनी नेमकं हेच उलटं केलं. त्यांच्या 'कॉन्टेक्स्चुअल सेफगार्डिंग'मध्ये, म्हणजे भोवतालासकट मुलाचं संरक्षण करण्याच्या पद्धतीत, समाजकार्यकर्ता मुलाइतकीच जागाही तपासतो. लंडनच्या हॅकनी भागात २०१७ पासून हे करून पाहिलं गेलं. कुटुंबाबाहेरच्या धोक्याची दखल २०१८च्या सरकारी मार्गदर्शिकेतही आली.

यातली एक साधी पद्धत मला फार आवडते. मुलांपुढे परिसराचा नकाशा ठेवायचा: सुरक्षित वाटतं तिथे हिरवा रंग, भीती वाटते तिथे लाल. समजा, पाच मुलांनी एकाच बसथांब्यामागचा बोळ लाल केला. मग प्रश्न बदलतो. तिथे दिवा आहे का? शाळा सुटताना कोण मोठं माणूस तिथे असतं? समोरच्या दुकानदाराला काय दिसतं, आणि दिसलं तर सांगायचं कुणाला, हे त्याला माहीत आहे का? फक्त कॅमेरा लावून मुलांना तिथून हाकललं तर मात्र ती पुढच्या बोळात जातील. ते संरक्षण नव्हे.

"मर्जीने गेला" म्हणणाऱ्यांनी कर्जाचा डाव समजून घ्यावा. आधी बूट, फोन, थोडे पैसे, आपुलकी. मग पोहोचवायला अमली पदार्थांचं एक पुडकं. वाटेत ते लुटलं जातं, आणि लुटणारे अनेकदा टोळीचेच असतात. आता पोराच्या डोक्यावर कर्ज, ते फिटेपर्यंत सुटका नाही. यात मर्जी कुठे उरली?

लांब पाठवणं कधीकधी लागतं, जीवावर बेतलं असेल तर लागतंच. पण कर्जाचा तगादा फोनवरून मागे येतो. मित्र, ओळखीची शिक्षिका, आजी सुटतात. आणि त्या बोळातली रिकामी झालेली जागा दुसरं पोरगं भरतं.

पोलिस हवेतच. पण मुलाच्या खिशात पुडकं सापडलं की ते आधी आरोपी ठरतं. इंग्लंडच्या २०१५च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याने शोषणातून गुन्हा केलेल्या मुलाला बचावाचा आधार दिला. पण त्यासाठी ते पुडकं कुणी दिलं, हे आधी कुणीतरी विचारावं लागतं, आणि तेही असं की पोराला उत्तर देण्याची भीती वाटणार नाही.