ऑटो स्विचिंग बंद करायचं एक बटण द्यायला काय जातं?

काल रात्री साडेअकरा. रँक्ड मॅच, शेवटचा राउंड, स्कोअर बरोबरीत, आमच्याकडून मी एकटा उरलेला आणि समोरचाही एकच. आणि टीव्ही काळा! वळून बघतो तर भाच्याचं खेळून झालं म्हणून त्याने निन्टेंडो स्विच हा हातातला गेम कन्सोल तसाच चालू डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये) ठेवलेला, आणि माझ्या एचडीएमआय स्विचरने (अनेक कन्सोल टीव्हीच्या एकाच पोर्टला जोडणाऱ्या डब्याने) नवीन सिग्नल दिसला म्हणून थेट तिकडे उडी मारली. अरे पण का? माझा कन्सोल, पीएस5, चालू आहे ना, त्याचा सिग्नल येतोय ना, तुला सांगितलं कोणी? रिमोट सोफ्याच्या फटीत गेलेला, उठून डब्याचं बटण दाबायला गेलो तर तेही एकच, 2 वरून 3, 3 वरून 4, मग 1, दर पोर्टला चार-पाच सेकंद काळा स्क्रीन, आणि पीएस5 दिसेपर्यंत मॅच संपली होती. पोराची काही चूक नाही, स्विच डॉकमध्येच ठेवतात. आज कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे सर ते ऑटो फीचर आहे, बंद होत नाही. बंद होत नसेल तर ते फीचर कसलं, तो ताप आहे!

आणि हा डबा काही डोळे झाकून घेतला नव्हता. बॉक्सवर ठळक एचडीएमआय 2.1, 8के, 48 जीबीपीएस (सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो तो आकडा). पीएस5 ला 4के चित्र सेकंदाला 120 फ्रेम्सनी दाखवायला 32 जीबीपीएस लागतात म्हणून मुद्दाम तोच घेतला. जोडल्यावर व्हिडिओ आउटपुटमध्ये 60 च्या वर काही दिसेना, व्हीआरआर (टीव्हीचा वेग गेमशी जुळवणारी सोय) गायब, तीच केबल थेट टीव्हीला लावली की सगळं परत. म्हणजे आतून जुन्या एचडीएमआय 2.0 चा, 18 जीबीपीएसवालाच माल आणि वर स्टिकर 48 चा. याला जबाबदार कोण, तर 2021 मध्ये 2.0 हे नावच निकालात काढून सगळ्यांना 2.1 म्हणायची मुभा देणारे एचडीएमआयचे लायसन्सवाले, वर नवीन फीचर्स सगळी ऐच्छिक. मग त्या आकड्याचं गिऱ्हाइकाने करायचं काय?

टीव्हीवालेही तसलेच. 4 पोर्ट, त्यातले 120 वाले 2, त्यातलाही एक ईआर्क (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा), तिथे साउंडबार. उरला एक, आणि घरात पीएस5 पण, एक्सबॉक्स सिरीज एक्स पण.

याच्या आधी एका दुकानात स्विचर मागितला तर स्प्लिटर दिला, एक इन दोन आउट, आणि 'एकच असतं हो दोन्ही' म्हणून वर मलाच शिकवलं. ऑनलाइन 'एचडीएमआय स्विच' टाका, अर्धी पानं निन्टेंडोच्या केबल आणि कव्हरने भरलेली. आणि ते निळे एलईडी! अंधारात पिक्चर बघताना डोळ्यात टॉर्च मारल्यासारखे, शेवटी काळी चिकटपट्टी लावली मी.

मला फार काही नकोय. ऑटो बंद करायचं एक बटण, पोर्टमागे एक बटण, आणि बॉक्सवर खरा आकडा. दोन हजार जास्त घ्या, देतो.

डबा पॅक करून दाराशी ठेवलाय, पिकअपवाला तीन दिवस 'उद्या येतो' म्हणतोय. तोवर भिंतीवरच्या टीव्हीमागे हात घालून केबल बदलतोय, आणि तो पोर्ट बोटांना सापडत नाही.