काका म्हणाले की मी

सोसायटीची सेक्रेटरी होऊन मला दोन वर्षं झाली, लिकेज, पार्किंग, भटकी कुत्री सगळ्यातून निभावून नेलं, पण अवतरणचिन्हांनी घात केला.

झालं असं, मीटिंगमध्ये ३०२ च्या काकांनी कबूल केलं की सहा महिने मेंटेनन्स थकलाय, आणि मी रजिस्टरमध्ये घाईघाईत लिहिलं, काका म्हणाले की मी सहा महिने मेंटेनन्स भरलेला नाही. खाली सही माझी! दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघतायत आणि काका तेच पान लोकांना दाखवत फिरतायत. मराठीत हे असंच आहे हो, 'की' लावलं तरी बोलणाऱ्याचा 'मी' जागचा हलत नाही, इंग्रजीत कसा तो गपचूप 'ही' होतो.

मग मी धसकाच घेतला. शाळेतलं आठवलं, कुणाच्या तोंडचं वाक्य असेल तर दुहेरी, शब्दावर जोर द्यायचा तर एकेरी. म्हणून पुढच्या नोटिशीत जोर दिला: आपले 'प्रामाणिक' खजिनदार जमाखर्च मांडतील, नंतर 'चहा' होईल.

संध्याकाळी खजिनदार फाईल घेऊन दारात.

"मॅडम, हा काय प्रकार आहे?"

"अहो, जोर दिलाय."

"जोर की टोमणा?"

आतून आमचे हे ओरडले, "आणि चहाच्या नावाखाली नक्की काय पाजणारेस?"

पूर्वी बरं होतं. पेशवे दप्तरातले मोडी कागद बघा, ओळीच्या ओळी नुसत्या सलग, एक चिन्ह नाही. ही विरामचिन्हं मराठीत रुळवली एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी नावाच्या साहेबाने. त्याला काय, त्याला कुठे सोसायटीची मिनिट्स लिहायची होती!

असो. परवाच्या मीटिंगला मी दुरुस्ती मांडली, काकांचं वाक्य छान दुहेरी चिन्हात घालून. काका ताडकन उठले, "मी असं शब्दशः बोललोच नव्हतो, मी म्हणालो होतो बघू जरा, अडचण आहे. अवतरण काढा!" आता हे तर बरोबरच होतं, दुहेरी म्हणजे तंतोतंत तेच शब्द हवेत. मग 'मी'च्या जागी 'त्यांनी' घातलं तर खजिनदार म्हणाले, त्यांनी म्हणजे कुणी, मी का?

शेवटी मूळ वाक्यच कायम ठेवायचं ठरलं. हात वर करून बहुमताने. काल ३०२ च्या काकू जिन्यात भेटल्या, हळूच म्हणाल्या, हप्त्याहप्त्याने भरलंत तरी चालेल हो.