मॉडेल सिद्ध म्हणजे कोड सिद्ध? अजिबात नाही

इंदूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कंट्रोलरचं मॉडेल गणिताने सिद्ध झालं की त्यावरून बनवलेला कोड आपोआप सुरक्षित. फरक राहिलाच तर नगण्य. सॅम्पलिंग वाढवा, तोही जाईल.’ भाच्याने तो मला पाठवून खाली लिहिलं, ‘मामा, प्रोजेक्टमधून टेस्टिंग काढून टाकतो.’

काढू नकोस. पाण्याच्या टाकीचा पंप चालवणारा कंट्रोलर घे. त्याचं मॉडेल, म्हणजे कागदावरचं गणिती वर्णन, म्हणतं, टाकीतली पातळी 90 सेंटिमीटरला टेकली की त्याच क्षणी पंप बंद. कोड ठरावीक अंतराने सेन्सर वाचतो (हेच सॅम्पलिंग), आकडा छाटतो, मग रिलेला, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचला, हुकूम देतो. तोवर पाणी वर चढलेलं असतं. सिद्ध केलं ते एक, चालतंय ते दुसरंच.

‘फरक नगण्य’ हे तर घातक आहे. हायब्रिड सिस्टिममध्ये, म्हणजे पाण्यासारखं सलग बदलणारं काही आणि चालू-बंदसारखे तुटक निर्णय एकत्र असतात तिथे, उंबरठे असतात: ओलांडला तर एक मोड, किंचित अलीकडे राहिलं तर भलताच. शिवाय चूक साचते. 25 फेब्रुवारी 1991, सौदी अरेबियातलं धाहरान. पॅट्रिअट या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ दशांश सेकंद मोजायचं. कागदावर 0.1 नेमका असतो. बायनरीत तो संपतच नाही, म्हणून 24 बिटांत छाटला गेला. एका ठोक्यामागे चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. पण यंत्रणा सलग 100 तास चालू होती आणि चूक 0.34 सेकंदांवर गेली. येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र कुठे शोधायचं तो पट्टा 687 मीटर सरकला, रडारला लक्ष्य सापडलं नाही, 28 अमेरिकी सैनिक मेले. दुरुस्त सॉफ्टवेअर तिथे पोचलं दुसऱ्या दिवशी. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या 1992 च्या अहवालात हे सगळं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढं तरी वाचायचं होतं!

सॅम्पलिंगचं म्हणाल तर, वाचन दहापट केलं म्हणून रिलेचा उशीर कमी होत नाही की बिट वाढत नाहीत.

एक मान्य करावं लागेल. मॉडेलवरची सिद्धता कोडपर्यंत नेता येते, पण फुकट नाही. जिरार आणि पापास या संशोधकांनी 2007 मध्ये दोन प्रणालींच्या वागण्यातलं अंतर जास्तीत जास्त किती, हे बांधण्याची रीत मांडली. मॉडेल धोक्याच्या रेषेपासून त्या अंतराहून जास्त लांब राहिलं, तरच कोडची हमी. पाणी सेकंदाला 2 मिलिमीटर चढत असेल आणि सगळे उशीर धरून 5 सेकंद जात असतील, तर निदान 1 सेंटिमीटर मोकळा सोडून सिद्धता कर. आणि ते 5 सेकंद खऱ्या बोर्डावर, खऱ्या रिलेवर मोजून आण.