डेडपूलला सहकुटुंब, सहपरिवार जाताना

सर्वप्रथम तुमचं मनापासून अभिनंदन. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ २६ जुलै २०२४ ला लागला, सेन्सॉरनं त्याला ‘ए’ दिला, ट्रेलरमध्ये नायक काय काय बरळतो ते अख्ख्या जगानं ऐकलं, आणि तरीही तुम्ही रविवारी दुपारच्या खेळाला आजी, मावशी आणि तिसरीतले चिरंजीव धरून पाच तिकिटं काढलीत. इतकी निरागसता हल्ली दिसत नाही. फक्त तिला थोडं वळण हवं, म्हणून हे मार्गदर्शन. माझ्या खेळाला ‘जी’ रांगेत बसलेल्या मंडळींनी वाचलं नाही तरी चालेल, त्यांना सगळं येतं.

पूर्वतयारी म्हणून काहीही वाचू नका. अंगात लाल कपडे आहेत म्हणजे सुपरहिरो, आणि सुपरहिरो म्हणजे लहान मुलांचं, एवढं पुरे. दप्तरावरचा स्पायडरमॅनही लालच असतो. २०१६ साली पहिला ‘डेडपूल’ आला तेव्हा सुरुवातीच्या श्रेयनामावलीत माणसांची नावंच नव्हती. नायिकेच्या जागी ‘हॉट पोरगी’ अशा अर्थाची पाटी होती, निर्मात्यांना चक्क शिवी होती आणि दिग्दर्शक म्हणजे फुकटचा पैसा खाणारा ठोंब्या, असं लिहिलं होतं. जो चित्रपट पहिल्या दोन मिनिटांत स्वतःच्याच आईबापांची अब्रू काढतो, तो पुढचे दोन तास तुमच्या घरच्या संस्कारांची काळजी वाहील, यावर गाढ श्रद्धा ठेवा.

राष्ट्रगीत, तंबाखूच्या जाहिराती आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र हे सगळं होऊन जाऊ द्या, मग आत या. सुरुवातीलाच डेडपूल लोगनची, म्हणजे वुल्व्हरिनची, कबर उकरतो. २०१७ च्या ‘लोगन’मध्ये ज्याला निरोप देताना लोकांनी रुमाल भिजवले होते, त्याच्याच हाडांनी हा शिपायांची खांडोळी करतो, तीही एका जुन्या बॉयबँडच्या गाण्यावर नाचत. नेमका हाच मुहूर्त धरून फोनचा टॉर्च लावा आणि लोकांच्या गुडघ्यांवरून ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत आपली खुर्ची शोधा. बसल्यावर पहिला प्रश्न ठरलेला आहे: “हा मेला होता ना?”

फोन बंद करायचं कारण नाही. बऱ्या थिएटरात पडद्याच्या पांढऱ्या भागाचा उजेड ४८ निट्सच्या (निट हे उजेड मोजायचं माप) आसपास ठेवलेला असतो आणि तुमचा फोन पूर्ण ब्राइटनेसवर ५००च्या पुढे सहज जातो. म्हणजे मागच्या तीन रांगांच्या दृष्टीनं हॉलमधली सगळ्यात झगझगीत गोष्ट तुमच्या मांडीवर आहे. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कधी येणार हे कळायला नको का?

एखादा पाहुणा कलाकार पडद्यावर आला की मात्र फोन मांडीवरून उचलून डोक्याच्या वर धरा. स्टेटसला पंधरा सेकंद पुरतात. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानुसार थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दंड तीन लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जातो. या चित्रपटाचा खर्च वीस कोटी डॉलर सांगतात. पाच टक्के किती होतात ते स्टेटस टाकून झालं की निवांत मोजा, कॅल्क्युलेटर त्याच फोनमध्ये आहे.

पुढचा परिच्छेद ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी सोडावा. जी-१२ या खुर्चीतल्या जाणकारांनी ही सवलत मला दिली नव्हती, पण मी देतो.

तर, जाणकारांसाठी. कॅप्टन अमेरिका म्हणून गाजलेला क्रिस एव्हान्स अंगरख्याची टोपी मागे सारून चेहरा दाखवतो तो क्षण. तो कॅप्टन अमेरिका आहे असं थिएटरला वाटतं, डेडपूललाही वाटतं, आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स’ची आरोळी आता येणार म्हणून डेडपूल हरखून जातो. आरोळी येते ती भलतीच, कारण हा माणूस २००५ च्या ‘फँटास्टिक फोर’मधला जॉनी स्टॉर्म, अंगानं पेट घेणारा, निघतो. सगळा विनोद आहे तो या घटकाभरच्या गैरसमजात. जाणकारानं करायचं ते एवढंच, की टोपी मागे सरताच शेजारणीला खणखणीत आवाजात सांगायचं, “हा कॅप्टन नाही गं, हा जॉनी. बघ, आता पेटेल.” तो पेटतो. हसत कुणीच नाही. तुम्ही खुर्चीत मागे रेलून पॉपकॉर्न खा. ज्ञानदान झालं.

फॉक्सचा विषय निघाला की “फॉक्स म्हणजे कोल्हा का?” असं विचारायला विसरू नका. उत्तर कुणी देणार नाही. डिस्नेनं मार्च २०१९ मध्ये फॉक्सचा बराचसा कारभार विकत घेतला, त्यात हे जुने नायक अडगळीत गेले, आणि वाळूत अर्धं गाडलं गेलेलं ते प्रचंड बोधचिन्ह म्हणजे जुन्या स्टुडिओचं थडगं आहे. शिव्यांच्या आडून हा चित्रपट दोन तास एका स्टुडिओचं श्राद्ध घालत असतो. पण हे कळलं तर मधूनच गळा दाटून येईल, आणि त्यासाठी का आपण एवढे पैसे मोजले?

कुठे शब्दाचा आवाज घालवल्यासारखा वाटला, तर गाळलेली जागा मागच्या बाकावरून भरा.

इंग्रजी खेळाला बसला असाल तर खालची इंग्रजी अक्षरं मोठ्यानं वाचा. हिंदी खेळाला बसला असाल तर हिंदी का आहे म्हणून भांडा.

टाळ्या-शिट्ट्यांविषयी एक गंभीरपणे सांगतो: त्या हव्यात. हा चित्रपट भरल्या हॉलमध्येच बघायचा. पहिल्या भागात डोपिंदरच्या टॅक्सीत ‘मेरा जूता है जापानी’ वाजलं तेव्हा सगळ्या थिएटरनं मिळून केलेला दंगा घरच्या सोफ्यावर होत नाही. मुळात हे पात्रच प्रेक्षकांनी जगवलंय. २००९ साली बडबड्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या याच गड्याचं तोंड स्टुडिओनं पडद्यावर शिवून टाकलं होतं. पुढे चाचणीसाठी केलेली एक-दोन मिनिटांची चित्रफीत बासनात पडून होती. ती २०१४ मध्ये नेटवर फुटली, लोकांनी गदारोळ केला, तेव्हा कुठे पहिल्या चित्रपटासाठी ५.८ कोटी डॉलर हातावर टेकवले गेले. त्याची कमाई ७८ कोटींच्या वर गेली. म्हणजे प्रेक्षकांच्या आवाजाचं वावडं कुणालाच नाही. आवाज कुठला, एवढाच प्रश्न आहे. तोंड शिवण्याचा तो प्रयोग पात्रावर करायला नको होता, जी-१२ वर मात्र पाहायला हरकत नव्हती.

मध्यंतर. मूळ चित्रपटात ते नाहीच. हॉलिवूडवाले मध्यंतर लिहीत नाहीत, आपले थिएटरवाले मधेच कुठेतरी सुरी फिरवतात. पुन्हा दिवे मालवल्यावर सात मिनिटांनी नाचोचा ट्रे घेऊन परता आणि विचारा, “काय झालं?”

आता मुख्य विषय. मुलं.

तिकीट काढताना अ‍ॅपवर एक चौकट येते: हा चित्रपट फक्त १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, ओळखपत्र दाखवावं लागेल, प्रवेश नाकारल्यास पैसे परत मिळणार नाहीत. ती चौकट ‘मान्य’ म्हणून दाबून टाकायची. वाचायची नाही, वाचली तर मान्य करणं जड जातं. मग दारावर पंचवीसेक वर्षांचा एक पोरगा तिकिटं बघत उभा असतो. तो हळू आवाजात म्हणतो, “सर, मुलाला सोडता येणार नाही.” इथे खालील क्रम पाळा. आधी, “आम्ही आहोत ना बरोबर!” मग, “तिकीट काढलंय त्याचं, फुकट नाही आलेला.” मग, “त्याला काय कळतंय त्यातलं?” मग, “मॅनेजरला बोलव.” आणि शेवटी रांगेतले पन्नास लोक घड्याळ बघायला लागले की हुकमी एक्का: “अमेरिकेत तर आईबापांबरोबर सोडतात!”

सोडतात. अमेरिकेतल्या ‘आर’ला सतराच्या आतलं पोर पालकांबरोबर जाऊ शकतं. आपला ‘ए’ म्हणजे ‘आर’ नव्हे. आपल्याकडे अठराच्या आतल्याला प्रवेश नाही. बापाबरोबर नाही, आजीबरोबर नाही, आमदाराची चिठ्ठी आणली तरी नाही. पालकांच्या मर्जीवर सोडलेला वर्ग वेगळा, त्याला ‘यूए’ म्हणतात. ‘ए’चा चित्रपट लहान मुलाला दाखवला तर कायद्यात दंड आहे, आणि तो दाखवणाऱ्याला आहे. म्हणजे थिएटरला. तुम्हाला नाही. तुम्ही त्या पोरावर आवाज चढवता तेव्हा त्याची नोकरी पणाला लावून चढवता. तुमची पणाला लागते ती फक्त रविवारची दुपार.

शेवटी गर्दीला वैतागून कुणीतरी सोडतंच. मग आत गेल्यावर काय? आत गेल्यावर तुम्ही चिरंजीवांच्या डोळ्यांवर हात ठेवता. हाडांनी माणसं कापली जातात तेव्हा हात नाही. कॅसँड्रा नोव्हा ही खलनायिका जिवंत जॉनीची कातडी एका झटक्यात उतरवते आणि मागे मांसाचा ढीग पडतो, तेव्हाही हात नाही, तेव्हा तुम्ही नाचो खात होता. हात येतो तो कमरेखालच्या विनोदाला. आणि हात डोळ्यांवर! विनोद तोंडी आहे हो! कान झाका! पोरगं बोटांच्या फटीतून बघतंय, कानांनी सगळं ऐकतंय आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारतंय, “बाबा, म्हणजे काय?” त्यावर तुम्ही त्यालाच दटावता, “गप बस!” त्याचं काय चुकलं? त्याला सुपरहिरो दाखवतो म्हणून आणलं होतंत ना?

आणि घरी गेल्यावर अ‍ॅपवर एकच तारा देता. “अत्यंत अश्लील. कुटुंबासोबत पाहण्यासारखा नाही. निर्मात्यांना लाज वाटली पाहिजे.”

अहो, कुटुंबासोबत पाहण्यासारखा नाही हे त्यांनीच सांगितलं होतं. पोस्टरवर गोलात ‘ए’ छापून, अ‍ॅपवर चौकट टाकून, दारात माणूस उभा करून सांगितलं होतं. आणखी काय करायला हवं होतं, घरी येऊन अक्षत द्यायला हवी होती? मुलांना चालेल अशी ‘डेडपूल’ची छाटलेली आवृत्ती त्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये एकदा अमेरिकेत काढून पाहिली होती. ती दुसऱ्या भागाची होती. या भागाची तशी काही नाही, आणि तुम्ही जी पाहायला आलात ती ती नव्हे.

श्रेयनामावली सुरू झाली की ताबडतोब उठा, हे सांगायचं राहिलं. उभ्या उभ्या दुपट्टा शोधा, चप्पल शोधा, “चला, पार्किंगला गर्दी होईल” म्हणत रांग अडवून धरा. पडद्यावर तेव्हा फॉक्सच्या जुन्या चित्रपटांच्या चित्रीकरणाचे तुकडे चाललेले असतात, वुल्व्हरिन झालेला ह्यू जॅकमन पोरसवदा दिसतो. आणि सगळ्यात शेवटी जॉनीच्या त्या मरणाचा हिशोब चुकता होतो, तो अख्ख्या चित्रपटातल्या दोन-तीन सर्वोत्तम विनोदांपैकी एक आहे. जी-१२ ला एवढं सगळं माहीत होतं, हे माहीत नव्हतं. ते तेव्हा लिफ्टपाशी होते. पहिल्यांदाच जरा शांतपणे हसता आलं.

आता सरळच बोलतो. तुम्हाला असला विनोद आवडत नाही, यात काहीही गैर नाही. मलाही त्यातले निम्मे पाचकळ वाटले. नका जाऊ. दुसरं काहीतरी बघा, नाटकाला जा, घरी झोपा. जायचंच असेल तर पोराला आजीकडे ठेवा आणि आजीलाही तिच्याच घरी ठेवा. वेळेवर या, फोन खिशात ठेवा, तोंड मिटा, हसू आलं तर मोठ्यानं हसा. नऊ वर्षांच्या मुलाला दोन तास रक्तमांस दाखवायचं आणि त्याचं खापर पडद्यावर फोडायचं, याला पालकत्व म्हणत नाहीत. पंधराशे रुपये बुडतील म्हणून तुम्ही त्याला आत नेलंत, खरं कारण तेवढंच आहे. आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा त्या दारावरच्या पोराची आधी माफी मागा. दिवसभर उभा असतो तो.