घराणं, वेलिंग्टन आणि असईचे गोलंदाज

परवा कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिकीटवाटपावरून घराणेशाहीचा वाद पेटला आणि पुण्यातल्या एका मित्राने लिहिलं, अरे वेलिंग्टन पण सरदारपुत्रच ना, हरवलंच की त्याने नेपोलियनला, मग आपल्याच पोरांना का बोलता. मी लंडनला असतो, रोजची बस हाइड पार्क कॉर्नरवरून जाते आणि तिथेच वेलिंग्टनचं घर आहे, अॅप्स्ली हाऊस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, आयर्लंडच्या अर्ल ऑफ मॉर्निंग्टनचा मुलगा. तेव्हा ब्रिटिश सैन्यात हुद्दे चक्क विकत मिळायचे. १७८७ला, सतराव्या वर्षी सैन्यात आणि १७९३ला चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल, तेही थोरल्या भावाचे पैसे घेऊन. तोच भाऊ १७९८ला गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला. पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टण घेतलं डेव्हिड बेअर्डने, जो आधी टिपूकडे जवळजवळ चार वर्षं कैदेत पडला होता, पण शहराचा ताबा मिळाला कुणाला तर गव्हर्नर जनरलच्या भावाला. हे बेअर्डला किती लागलं असेल!

माणूस हुशार होता, वादच नाही. २३ सप्टेंबर १८०३ला असईला (आपल्या जालना जिल्ह्यात) शिंद्यांच्या फौजेशी लढाई होती, वाटाडे सांगत होते की केळणा नदीला पायी ओलांडण्याजोगा उतार नाही, याने बघितलं की दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत म्हणजे लोक ये-जा करत असणारच, आणि उतार निघाला. पण असा एक निघाला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही रे. पैसे नाहीत म्हणून कॅप्टनच राहिलेले किती असतील, त्यांचं काय? इंग्लंडने ही खरेदी बंद केली ती थेट १८७१ला, क्रिमियाच्या युद्धात हाल झाल्यावर, आणि खुद्द वेलिंग्टन तिची बाजू घेत राहिला.

आणि असईला घराणेशाही आपल्याकडेही होतीच. महादजींमागे दौलतराव चौदा-पंधराव्या वर्षी गादीवर आले, लढाईत पलटणी चालवत होता पोलमन नावाचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा माणूस. लढले खरे ते शिंद्यांचे गोलंदाज. इंग्रज अंगावर आले तरी तोफा सोडल्या नाहीत, काहीजण मेल्यासारखे पडून राहिले आणि फौज पुढे गेल्यावर उठून मागून तोफा डागल्या. इंग्रजांची दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जखमी झाली.

अॅप्स्ली हाऊसमध्ये काचेमागे डेक्कन सर्व्हिस ठेवलीय, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली जेवणाची भांडी, दख्खनच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी त्याला भेट दिलेली. मी तिथे बराच वेळ उभा राहतो. त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही, त्यातला एखादा कर्नल व्हायच्या लायकीचा असेलही, पण त्याला कोण विचारणार होतं. डिसेंबरमध्ये घरी आलो की जालन्याहून गाडी करून असईला जायचंय, मित्रा तू पण चल, केळणेचा तो उतार बघू.