नवी इमारत परिसराला शोभते म्हणजे काय? – एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या प्रांगणातील काचेच्या पिरॅमिडचे मी कौतुक केले होते, त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. जुन्या परिसरात उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीने शेजारच्या इमारतींचे साहित्य, रंग आणि घाट स्वीकारलाच पाहिजे, अन्यथा तो वास्तुविशारदाचा अहंकार ठरतो, हा पहिला. आणि ‘लोकांना हळूहळू सवय होते’ हे धाडसी वास्तूंचे समर्थन होऊ शकत नाही, हा दुसरा.

दुसऱ्या मुद्द्यावर आपल्यात मतभेद नाही. पॅरिसमधलाच २१० मीटर उंचीचा मोंपार्नास मनोरा १९७३ मध्ये पूर्ण झाला, १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागात इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा आली, आणि इतकी वर्षे लोटूनही त्या मनोऱ्याविषयीची नाराजी ओसरलेली नाही. पिरॅमिडची बाजू मला सवयीच्या आधारावर मांडायचीच नाही.

पिरॅमिडचे वास्तुविशारद आय. एम. पेई यांच्यापुढे प्रश्न होता तो राजवाड्याच्या लांबच लांब दालनांत पसरलेल्या संग्रहालयाला एक मध्यवर्ती प्रवेशद्वार देण्याचा. हे काम दगडी इमारत बांधूनही झाले असते, आणि आपल्या कसोटीला ती पूर्णपणे उतरली असती. पण तिने प्रांगण अडवले असते आणि राजवाड्याचे दर्शनी भाग झाकले असते. पेईंनी बहुतेक सारे बांधकाम जमिनीखाली नेले आणि वर ठेवला तो सुमारे २१ मीटर उंचीचा, भोवतालच्या राजवाड्यापेक्षा ठेंगणा, पारदर्शक घाट. साध्या काचेतून मागचा दगड हिरवट दिसला असता, म्हणून जवळजवळ रंगहीन काच मुद्दाम तयार करवून घेतली गेली. शेजारच्या दगडाचा रंग बिघडू नये यासाठी इतका आटापिटा करणाऱ्या रचनेला अहंकारी म्हणणे मला पटत नाही. शिवाय १९८५ मध्ये, बांधकामाआधी, प्रांगणात तारा ताणून पिरॅमिडची खऱ्या मापाची आकृती उभी करण्यात आली होती, आणि नागरिकांना ती प्रत्यक्ष पाहता आली. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या वेळी असे व्हावे, असे मला कळकळीने वाटते.

‘आजूबाजूशी जुळणे’ म्हणजे काय, हे ठरवणे दिसते तितके सोपे नाही. व्हिएन्नातील मिखाएलर चौकात आडोल्फ लोस यांनी बांधलेल्या इमारतीवरून १९१० च्या सुमारास मोठे वादळ उठले. खिडक्यांवर कोणतीही नक्षी नसल्यामुळे तिला ‘भुवया नसलेले घर’ म्हणून हिणवले गेले, पालिकेने काम थांबवले आणि अखेर खिडक्यांना फुलांच्या कुंड्या लावण्याच्या तडजोडीवर प्रकरण मिटले. समोरच्या ज्या राजवाड्याचा ती अपमान करते असे म्हटले जात होते, त्याची चौकाकडची घुमटाची बाजू जुन्या आराखड्यावरून बांधून पूर्ण झाली होती १८९३ मध्ये, म्हणजे जेमतेम दोन दशकांपूर्वी. उलट लोस यांचा साधा, बिननक्षीचा गिलावा व्हिएन्नाच्या जुन्या घरांच्या रीतीला धरूनच होता. परंपरेशी इमान कोणाचे अधिक, याचे उत्तर नुसत्या दर्शनी भागाकडे पाहून मिळत नाही.

म्हणून मी इमारतीचे वागणे पाहतो: ती रस्त्याला काय देते, शेजाऱ्याचा उजेड आणि वारा अडवते का, तळमजल्याशी चालणाऱ्या माणसाला जागा ठेवते का. पॅरिसमधल्याच पाँपिदू या कलाकेंद्राचे रंगीत नळ आणि बाहेर काढलेला पोलादी सांगाडा आपल्याला खटकतो, हे मी समजू शकतो. ती इमारत शेजाऱ्यांपेक्षा उंचही आहे. पण रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी मिळालेल्या भूखंडाचा जवळजवळ अर्धा भाग मोकळा सोडला, आणि दाट वस्तीच्या त्या भागाला एक उतरता चौक मिळाला. शेजारच्या घरांची हुबेहूब नक्कल करून सारा भूखंड भरून टाकणारी इमारत त्या वस्तीला एवढे देऊ शकली नसती.

ही कसोटी धाडसी इमारतींना सूट देणारी नाही. लंडनच्या २०, फेन्चर्च स्ट्रीट या इमारतीचा विस्तार वर जाताना वाढत जातो, म्हणजे जास्त भाड्याच्या वरच्या मजल्यांना अधिक जागा मिळते. आणि तिच्या आत वळलेल्या काचेच्या भिंतीने २०१३ मध्ये ऊन एकवटून रस्त्यावर फेकले, तेव्हा खाली उभ्या केलेल्या मोटारीचे भाग वितळले. पुढच्या वर्षी भिंतीवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. हा दोष शैलीचा मुळीच नाही. रस्त्याचा विचार न केल्याचा आहे.

आपला नियम मीही आग्रहाने धरीन अशा जागा आहेत. इंग्लंडमधील बाथ शहरात १७६७ ते १७७४ या काळात बांधलेली रॉयल क्रेसेंट ही तीस घरांची अर्धवर्तुळाकार रांग घ्या. तिचे सारे सौंदर्य एकाच खांबांच्या अखंड पुनरावृत्तीत आहे, आणि तिथे एक जरी घर काचेचे झाले तरी उरलेल्या एकोणतीस घरांचे काहीतरी हिरावले जाईल. लूव्रच्या प्रांगणात अशी कोणतीही रांग तुटली नाही, म्हणून त्या दोन जागांना एकच नियम लावण्यास माझा विरोध आहे.